जुनं ऐकणारं यंत्र

कॅसेट आत सरकवून झाकण लावलं की हे यंत्र क्षणभर थबकतं. कॅसेटच्या अंगावर एक ठरावीक भोक आहे का, हे ते आधी चाचपून पाहतं. भोक असेल तर आलेली कॅसेट डिजिटल. नसेल तर साधी, एके काळी घरोघरी असायची ती. मग आलेल्या पाहुण्याप्रमाणे ते कान बदलतं. दोन्ही कान एकाच हेडवर, म्हणजे टेपला टेकून तिच्यावरचं वाचणाऱ्या भागावर आहेत, नखाएवढ्या जागेत. एक नव्या कॅसेटसाठी आणि एक जुन्यासाठी.

त्या क्षणभराच्या थबकण्यानेच मला या यंत्राचा लळा लागला.

यंत्र डीसीसीचं आहे, म्हणजे डिजिटल कॉम्पॅक्ट कॅसेटचं. फिलिप्स आणि मात्सुशिता या दोन कंपन्यांनी मिळून ते १९९२ साली बाजारात आणलं आणि १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये गुंडाळलं. चार वर्षं. एखादं मूल शाळेत जायला लागेपर्यंतचा काळ. कॅसेटवर वाढलेल्या बहुतेकांनी हे नावही ऐकलेलं नसतं. तिची प्रतिस्पर्धी, सोनीची मिनीडिस्क आठवते, डीसीसी आठवत नाही.

माझ्याकडे आलेला प्लेअर तळहातापेक्षा थोडा मोठा आणि हाताला चांगलाच जड आहे. तो आला तेव्हा मुका होता. आतली चाकं फिरायची, पडद्यावर आकडे सरकायचे, आवाज मात्र नाही. उघडला तर कारण समोरच होतं. बोर्डावरच्या बारक्या कपॅसिटरमधलं रसायन इतक्या वर्षांत झिरपून बाहेर आलं होतं आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेघा त्याने हिरवट करून टाकल्या होत्या. बेल्ट विरघळून काळा, चिकट झाला होता. त्या काळातल्या यंत्रांना म्हातारपणी हा त्रास होतोच. मी एकेक कपॅसिटर काढला, जागा स्पिरिटने पुसली, नवे डकवले. चार संध्याकाळी त्यातच गेल्या. हेडला मात्र मी पहिल्या दिवशी हातच लावला नाही, कारण ते काय आहे हे मला कळलं होतं आणि त्याची भीती वाटत होती.

ते काय आहे हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

साधी कॅसेट फिलिप्सचीच. १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिच्यामागे लू ऑटन्स नावाचे इंजिनिअर होते. रेकॉर्डर केवढा असावा हे ठरवायला त्यांनी कोटाच्या खिशात बसेल असा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता, असं सांगतात. आधी खिसा आणि मग यंत्र, हा क्रम मला फार आवडतो. पुढची तीस वर्षं त्या मापाच्या कॅसेटी इतक्या घरांत जाऊन बसल्या की नवं काही आणायचं म्हटलं तरी पहिला प्रश्न हाच उभा राहायचा: या सगळ्यांचं काय करायचं?

सोनीच्या गटाने या प्रश्नाला बगल दिली होती. १९८७ साली आलेल्या डॅटमध्ये, म्हणजे त्यांच्या डिजिटल टेपच्या यंत्रात, व्हिडिओ रेकॉर्डरसारखं गरगर फिरणारं हेड होतं. आवाज उत्तम, स्टुडिओतल्या लोकांनी ते उचलून धरलं. पण त्या फिरत्या हेडसमोर जुनी कॅसेट धरण्यात काही अर्थ नव्हता. तिचं मापच वेगळं होतं. डीसीसी करणाऱ्यांनी उलट ठरवलं. हेड जागच्या जागी स्थिर राहील. टेपची रुंदी तीच, पावणेचार मिलिमीटरच्या आसपास. वेगही तोच, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. म्हणजे जुनी कॅसेट घातली तरी ती आपल्या नेहमीच्या चालीने नव्या हेडसमोरून जाईल.

या एका निर्णयाने त्यांनी स्वतःसमोर केवढी अडचण उभी केली, ते लक्षात आल्यावर मी हेडकडे पुन्हा नीट पाहिलं. सीडीवरचा आवाज सेकंदाला चौदा लाखांवर बिट खातो. इतक्या मंद चालीच्या, इतक्या अरुंद टेपवर एका ओळीत ते मावणं शक्यच नाही. मग त्यांनी टेपच्या निम्म्या रुंदीत शेजारीशेजारी नऊ ओळी आखल्या: आठ आवाजाच्या आणि एक गाण्यांचे क्रमांक, वेळ वगैरे हिशेबाची. उरलेली निम्मी रुंदी परतीच्या प्रवासासाठी. नऊ ओळी एकाच वेळी वाचायला नऊ इवलाली हेडं, आणि ती बसवलेली कशी, तर चिप बनवतात त्या पद्धतीने, थरावर थर चढवून. लिहिलेली ओळ १८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, वाचणारं हेड ७० मायक्रॉनचं. रस्ता रुंद आणि चालणारा बारीक. त्यामुळे टेप चालता चालता जराशी इकडेतिकडे डगमगली तरी चालणारा रस्ता सोडत नाही. कॅसेटची टेप डगमगतेच. ज्यांनी हा हिशेब केला त्यांना तिचा स्वभाव ठाऊक होता, आणि त्यांनी तो सुधारायला न जाता सांभाळून घेतला.

एवढं करूनही जागा पुरली नसती. म्हणून आवाजच आटवला, साधारण पाव हिश्शावर. त्यांनी त्या पद्धतीला पास्क असं नाव दिलं होतं. तत्त्व आपल्या कानाच्या एका खोडीवर उभं आहे: मोठ्या आवाजाच्या कुशीत, त्याच्याच जवळपासच्या पट्टीतला बारीक आवाज असला तर तो कानाला कळत नाही. तबल्यावर थाप पडते त्या क्षणी शेजारच्याने सोडलेला सुस्कारा कुणाला ऐकू येतो? आवाजाचे ३२ पट्टे करायचे, प्रत्येक पट्ट्यात काय ऐकू येणार आणि काय झाकलं जाणार ते पाहायचं, आणि झाकल्या जाणाऱ्यावर बिट खर्च करायचे नाहीत. पुढे सगळ्या जगाच्या खिशात गेलेली एमपीथ्री याच घराण्यातली. पास्क हे त्या घराण्याच्या पहिल्या थराचं रूप, एमपीथ्री म्हणजे तिसरा थर. कॅसेटच्या रिळावर बसून हा विचार लोकांच्या घरात आला होता, पण तो कोणाच्या लक्षात राहिला नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती एक उणीव. हे यंत्र जुनी कॅसेट वाजवतं, पण तिच्यावर रेकॉर्ड करू शकत नाही. माझ्या प्लेअरला रेकॉर्डचं बटण आहे, नव्या कॅसेटवर ते चालतं. जुनी घालून दाबलं तर काहीही होत नाही. कारण हेडमध्येच आहे. वाचणारी हेडं चुंबकीय क्षेत्राप्रमाणे आपला विद्युत रोध बदलतात आणि त्या बदलातून टेपवर काय आहे ते ओळखतात. ती फक्त ओळखू शकतात, लिहू शकत नाहीत. लिहिण्यासाठी वेगळी हेडं लागतात, आणि जुन्या कॅसेटसाठी ती दिलेलीच नाहीत. जुन्याच्या बाबतीत या यंत्राला नुसते कान आहेत, हात नाहीत.

त्या काळी लोकांना हे खटकलं असणार. मला याचं काय वाटतं ते सांगायला ताईच्या कॅसेटची गोष्ट सांगावी लागेल.

ताई पंधराची आणि मी नऊ वर्षांची असताना तिने ही कॅसेट भरली. रेडिओवर आवडतं गाणं लागलं की धावत यायचं आणि रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची. त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीची एखादी ओळ हरवलेली आणि शेवटी निवेदकाचं अर्धं वाक्य अडकलेलं. रेकॉर्डर रेडिओसमोर ठेवलेला असायचा, माइक उघडा. तेव्हा खोलीतलं सगळंच त्यात जायचं. खुर्ची सरकल्याचा आवाज. दार. ताईला त्या महिन्यात खोकला झाला होता, तो. नव्वद मिनिटं भरायला तिला कित्येक आठवडे लागले. कॅसेट पूर्ण झाली तेव्हा तिने सेफ्टी पिनने मागच्या दोन्ही खिट्या मोडून टाकल्या. खिटी मोडली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. "आता हिला कोणी हात लावू शकत नाही," असं म्हणाली होती. ते वाक्य मला नीट आठवतं, कारण पुढे मी काय केलं तेही आठवतं.

दोन वर्षांनी, घरात कोरी कॅसेट नव्हती आणि मला माझाच आवाज ऐकायचा होता. मोडलेल्या खिटीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं, हे मला कोणीतरी सांगितलं होतं. मी चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, "थोडंसंच" म्हणून, शाळेतला धडा वाचला. ताईने शेवटचं म्हणून मुद्दाम राखून ठेवलेलं गाणं तिथे होतं. आता नाही. तिथे अकरा वर्षांची मी अडखळत वाचते आहे. ताई रागावली नाही. तिने चिकटपट्टी खरवडून काढली आणि कॅसेट डबीत ठेवली. ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. खाचेच्या कडेला त्या पट्टीचा डिंक अजून आहे, बोटाला लागतो.

म्हणून मी म्हणते की या यंत्राच्या हाती जुनी कॅसेट बिनघोर देता येते. खिटी असो, नसो, कोणी चिकटपट्टी लावो, ते तिच्यावर काही लिहू शकत नाही. इतक्या यंत्रांतून गेलेल्या ताईच्या कॅसेटला या एकाच यंत्रापासून काही धोका नाही.

चौथ्या संध्याकाळनंतर मी शेवटी हेड पुसलं. कापूस गुंडाळलेली काडी स्पिरिटात बुडवून, श्वास रोखून, अगदी हलक्या हाताने. काडीवर तपकिरी रेघ आली. जुन्या टेपा आपल्या अंगावरची पूड अशी हेडवर सोडून जातात. डीसीसीच्या कर्त्यांनी याचाही विचार केला होता. माहिती आठ ओळींत अशी विखरून आणि जास्तीची जोड देऊन लिहिली जाते की एक अख्खी ओळ वाचता आली नाही तरी उरलेल्या सातांवरून ती पुन्हा उभी करता येते. घरातल्या एकाला बोलता येईनासं झालं तर बाकीचे मिळून त्याचं वाक्य पुरं करतात, तसं.

प्लेअरबरोबर एक डिजिटल कॅसेट आली होती. ती हातात घेऊन पाहणं हाही आनंद आहे. आकार ओळखीचा, पण जुनीसारखी तोंडाशी जाडसर नाही, सगळीकडून सपाट. वरच्या अंगाला रिळांची भोकं नाहीत, कारण ती उलटायची नसते. दुसरी बाजू यंत्र आपली आपण लावतं. त्यामुळे विकत मिळणाऱ्या कॅसेटीवर तो अख्खा चेहरा चित्रासाठी मोकळा असायचा. टेपच्या तोंडावर पत्र्याची सरकती झडप आहे. यंत्रात गेल्यावर ती बाजूला होते, बाहेर आल्यावर मिटते. माझ्याकडच्या कॅसेटवर चित्र नाही. ती कोणीतरी स्वतः भरलेली आहे. लेबलवर पेन्सिलीने फक्त ३ हा आकडा.

मी ती लावली. आधी काहीच ऐकू आलं नाही, आणि मला वाटलं, दुरुस्ती फसली. मग अचानक बासरी. त्याआधीच्या शांततेची मला सवयच नव्हती. कॅसेट म्हटलं की गाण्याआधी ती खरखर यायची, आता सुरू होणार असं सांगणारी. इथे कॅसेटच फिरत होती, चाकं खिडकीतून दिसत होती, आणि खाली काहीही नव्हतं. बासरी वाजवणारं माणूस शिकाऊ होतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा, तिसऱ्या सुरावर दर वेळी श्वास तुटतो. मधे पान उलटल्याचा आवाज. पुन्हा तीच ओळ. विसाव्या मिनिटाच्या आसपास ती एकदा पूर्ण होते, आणि मग बराच वेळ कोणी काही वाजवत नाही. नुसती ती स्वच्छ शांतता, आणि दूर कुठेतरी एक खुर्ची. त्या माणसाने स्वतःला पुन्हा ऐकण्यासाठी हे भरलं असावं. १ आणि २ कुठे असतील?

मी या कॅसेटवर दुसरं काही भरलेलं नाही आणि भरणारही नाही. कोऱ्या कॅसेटी आता मिळणं कठीण, आणि ताईची गाणी डिजिटल करून ठेवावीत असं फार वाटतं. दुसरा प्लेअर जोडून जुनी तिकडे वाजवायची, इकडे या कॅसेटवर भरायची, सहज जमेल. पण एकदा मी हे केलं आहे.

डीसीसी का गेली याबद्दल एक मत नेहमी सांगितलं जातं की जुन्याचं ओझं घेऊन निघाली म्हणून गेली. मला ते वाचून दर वेळी वाईट वाटतं आणि दर वेळी त्यात तथ्य आहे हे मान्य करावं लागतं. जुन्या कॅसेटसाठी टेप ठेवली. टेप ठेवली म्हणून हवं ते गाणं गाठायला टेप पुढेमागे पळवणं आलं. आणि तोवर सीडीने लोकांना बटण दाबताच गाणं लागायची सवय लावली होती. डीसीसी आली त्याच वर्षी सोनीची मिनीडिस्क आली, तीही आवाज आटवणारी, तीही रेकॉर्ड करता येणारी, पण क्षणात उडी मारणारी आणि पहिल्या दिवसापासून खिशात मावणारी. डीसीसीची सुरुवातीची यंत्रं घरात मांडून ठेवायची होती, खिशातली मागून आली. ज्या कॅसेटचा जन्मच खिशाच्या मापाने झाला, तिच्या वारसाने खिसा विसरावा हे मला आजही कळत नाही. दोन नव्या पद्धती एकदम आल्यावर कोणती टिकेल याची वाट पाहत बरेच लोक थांबले, आणि थांबलेल्यांनी शेवटी काहीच घेतलं नाही.

पण माझ्या मते त्याहून खोल एक गोष्ट सुटली. डीसीसी जुन्याला ओळखत होती, जुनं मात्र तिला ओळखू शकत नव्हतं. नव्या यंत्रात जुनी कॅसेट वाजायची, जुन्या यंत्रात नवी वाजत नसे. म्हणजे मी मन लावून एखादी डिजिटल कॅसेट भरली, तर ती देणार कोणाला? भरलेली कॅसेट ही द्यायची वस्तू होती. मैत्रिणीला, भावाला, जिच्याशी बोलायचं धाडस होत नव्हतं तिला. त्यावर आणखी एक बंधन. डॅटपासून संगीत कंपन्यांना धास्ती बसली होती की हुबेहूब नकलांच्या नकला निघत राहतील, म्हणून या यंत्रांत एक पहारेकरी बसवला होता: मूळ सीडीवरून डिजिटल नक्कल करू देईल, त्या नकलेची पुढे डिजिटल नक्कल करू देणार नाही. कंपन्यांचं म्हणणं मी समजू शकते. पण जुनी कॅसेट हाताकडून हाताकडे जात, दर वेळी थोडी खरखर अंगावर घेत, दूरवर पोचायची. ताईच्या कॅसेटच्या दोन नकला तिच्या मैत्रिणींकडे गेल्या होत्या, म्हणजे तिचा खोकला आणखी दोन घरांत वाजत होता.

बासरी ऐकून झाल्यावर मी ताईची कॅसेट लावली. यंत्र थबकलं, चाचपलं, कान बदलले. आणि ती खरखर आली. इतका वेळ त्या स्वच्छ शांततेत राहिल्यावर खरखर अशी काही भरून आली की मी डोळे मिटले. आपण तिला दोष समजत होतो. मला तेव्हा ती त्या खोलीची हवा वाटली.

ताईला फोन लावला आणि हेडफोन फोनजवळ धरला.

"हे काय?"

"ऐक."

गाण्याची हरवलेल्या सुरुवातीनंतरची ओळ आली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या गाण्यात खोकला आला.

"हा माझा?"

"हो."

"अगं बाई." मग थोड्या वेळाने, "आणि हे बारीक कोण बोललं?"

"मी. झालं का, असं विचारतेय. त्यावर तू श्श् करतेस. आता येईल बघ."

आलं. ताई हसली, आणि हसता हसता थांबली. "मला हे आठवतच नाही गं."

गाणं संपलं, निवेदकाचं अर्धं वाक्य कापलं गेलं.

"तुझ्या त्या मशीनवर," तिने जरा जपून विचारलं, "चुकून काही रेकॉर्ड होणार नाही ना?"

"नाही. जुन्या कॅसेटवर त्याला करताच येत नाही. बटण दाबलं तरी."

"चिकटपट्टी लावली तरी?"

"तरी."

पलीकडे ती काही क्षण गप्प राहिली.

"मग मागे घे," ती म्हणाली. "खोकल्याच्या आधीपासून."

मी रिवाइंड दाबलं. आतली चाकं उलटी फिरायला लागली, आणि टेप मागे जाईपर्यंत आम्ही दोघी त्या घरघरीकडे कान लावून बसलो.